मोठ्या हेडफोनसाठी परवडणारा अ‍ॅम्प्लिफायर : आधी हिशोब, मग खरेदी

कोल्हापुरात अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघाला की बोलणे लगेच वॉटवर येते. विसर्जन मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत असो, मंगल कार्यालयातला साउंड असो की गाडीत बसवलेला सेट असो, "किती वॉटचा?" हा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न असतो. कान झाकणारा मोठा हेडफोन घेतल्यावर त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागेल का, असे जे विचारतात, त्यांच्याही डोक्यात हाच मापदंड असतो आणि तिथेच निवड चुकायला सुरुवात होते. हेडफोनचा पडदा कानापासून दोन-तीन सेंटीमीटरवर असतो. त्याला मैदान भरायचे नसते, फक्त कानापुरती हवा हलवायची असते. त्यामुळे इथला सगळा व्यवहार वॉटमध्ये नव्हे, तर मिलिवॉटमध्ये, म्हणजे वॉटच्या हजाराव्या भागात चालतो. नेहमीच्या आवाजात गाणे ऐकताना बहुतेक हेडफोन एक मिलिवॉटदेखील घेत नाहीत.

म्हणून स्वस्त अ‍ॅम्प निवडताना अ‍ॅम्पच्या जाहिरातीपासून नव्हे, तर आपल्या हेडफोनपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हेडफोनला नेमके काय हवे हे कागदावर काढले, हाताशी असलेला मोबाइल, लॅपटॉप किंवा डोंगल (यूएसबीला लावायचा, हेडफोनचा जॅक असलेला छोटा तुकडा) त्यातले किती देतो हे पाहिले, की अर्ध्याहून अधिक लोकांची खरेदी तिथेच टळते आणि उरलेल्यांची बरीच स्वस्तात होते. हा हिशोब दहावीच्या विज्ञानापलीकडे जात नाही.

ओहमचा आकडा एकटा फसवा असतो

हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे कामाचे असतात. पहिला इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध. तो ओहममध्ये देतात. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती डेसिबल आवाज काढतो ते माप. "ओहम जास्त म्हणजे अ‍ॅम्प हवाच, ओहम कमी म्हणजे मोबाइल पुरे" हा प्रचलित ठोकताळा अर्धवट आहे, कारण त्यात दुसरा आकडा विचारातच घेतलेला नसतो.

पंचगंगेच्या काठावरून उसाला पाणी उपसणारा शेतकरी पंप घेताना नुसती हॉर्सपॉवर विचारत नाही. पाणी किती उंच चढवायचे आणि वर गेल्यावर किती पडायला हवे, हे त्याचे दोन वेगळे प्रश्न असतात, कारण उंच माळावरच्या छोट्या तुकड्याला लागणारा पंप वेगळा आणि नदीलगतच्या सपाट मोठ्या शेताला लागणारा वेगळा. हेडफोनच्या बाबतीत उंचीच्या जागी व्होल्टेज आहे आणि पाण्याच्या मात्रेच्या जागी करंट आहे. ३०० ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज बऱ्यापैकी लागते, पण करंट नगण्य लागतो. कमी ओहमच्या, पण मंद, म्हणजे कमी सेन्सिटिव्हिटीच्या हेडफोनला करंटही भरपूर लागतो. वॉट हा या दोघांचा गुणाकार असल्याने तो एकटा पाहिला तर यातले काहीच कळत नाही.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यात आणखी एक खाच आहे. काही कंपन्या तो एका मिलिवॉटमागे देतात, तर काही एका व्होल्टमागे, आणि हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. उदाहरणादाखल सेनहायझरचा एचडी ६५० घेऊ. त्याचा इम्पीडन्स ३०० ओहम आणि सेन्सिटिव्हिटी एका व्होल्टला १०३ डेसिबल आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स हा ३८ ओहमचा, एका मिलिवॉटला ९९ डेसिबलचा. वरवर पाहता १०३ हा आकडा ९९ पेक्षा मोठा दिसतो. परंतु ३८ ओहमच्या हेडफोनवर एक व्होल्ट टाकला की त्यात सुमारे २६ मिलिवॉट जातात. हे एका मिलिवॉटपेक्षा १४ डेसिबलने जास्त असल्याने हा हेडफोन एका व्होल्टला सुमारे ११३ डेसिबल देतो. म्हणजे एकाच डोंगलवर, व्हॉल्यूमची कळ त्याच जागी ठेवून, एम५०एक्स हा एचडी ६५० पेक्षा १० डेसिबलने मोठा वाजेल, आणि १० डेसिबलचा फरक आपल्या कानाला साधारण दुप्पट आवाज वाटतो.

रूपांतराची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. १००० ला ओहमने भागा. एका व्होल्टला किती मिलिवॉट होतात ते मिळते. त्याचा लॉगॅरिदम काढून १० ने गुणा आणि मिलिवॉटमागच्या आकड्यात मिळवा. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर हे अर्ध्या मिनिटात होते. सगळे हेडफोन असे एका व्होल्टच्या पट्टीवर आणले की चित्र एकदम स्वच्छ होते. बायरडायनॅमिकचा २५० ओहमचा डीटी ९९० प्रो (मिलिवॉटला ९६ डेसिबल) १०२ वर येतो. एकेजीचा के ७०२ फक्त ६२ ओहमचा असूनही व्होल्टला १०५ डेसिबलच देतो, म्हणजे चौपट ओहमच्या डीटी ९९० पेक्षा तो अवघ्या ३ डेसिबलने सोपा आहे. आणि हायफायमॅनचा जुना एचई-६ हा प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या जातीचा हेडफोन केवळ ५० ओहमचा, पण मिलिवॉटला ८३.५ डेसिबल, तो ९६.५ वर येतो आणि या पाचांत वाजवायला सर्वांत जड ठरतो. ओहमचा क्रम आणि जडपणाचा क्रम किती वेगळे आहेत, हे यावरून दिसते.

आता किती डेसिबल हवेत हे ठरवू. सुरक्षिततेच्या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सरासरी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणून रोजचे ऐकणे ७० ते ८० च्या दरम्यान असावे. मात्र संगीतात क्षणिक उसळ्या असतात, जसे तबल्याची थाप, संबळाचा टोला किंवा ऑर्केस्ट्रातला झांजांचा आघात, आणि त्या सरासरीपेक्षा २० डेसिबल किंवा त्याहूनही वर जाऊ शकतात. त्या न चेपता याव्यात म्हणून ११० डेसिबलच्या शिखराची सोय असली म्हणजे पुष्कळ झाले. हे शिखर क्षणापुरते आहे, सतत ऐकण्याची पातळी नव्हे, हे विसरू नये.

११० डेसिबलसाठी एम५०एक्सला सुमारे ०.७ व्होल्ट लागतात. एचडी ६५० ला २.२ व्होल्ट लागतात, पण त्याचा करंट जेमतेम साडेसात मिलिअँपिअर आणि शक्ती १७ मिलिवॉट असते. डीटी ९९० ला अडीच व्होल्ट, के ७०२ ला पावणेदोन. एचई-६ ला मात्र ४.७ व्होल्ट, त्यासोबत ९५ मिलिअँपिअर करंट आणि जवळजवळ ४५० मिलिवॉट लागतात. या यादीत "खरा" अ‍ॅम्प मागणारा हा एकटाच आहे.

हाताशी जे आहे ते किती देते

दुसरी बाजू म्हणजे आपल्या उपकरणाचा जॅक. अ‍ॅपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल एक व्होल्ट देतो (युरोपात विकला जाणारा त्याच्या निम्मे), आणि पुष्कळ लॅपटॉपही याच्याच आसपास असतात. सध्या बाजारात मिळणारे अनेक डोंगल ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर २ व्होल्ट आणि ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकवर (तो काय, ते पुढे येते) ४ व्होल्ट देतात. एका व्होल्टवर एचडी ६५० ची शिखरे १०३ पर्यंत पोहोचतात आणि दोनवर १०९ पर्यंत. म्हणजे ज्या हेडफोनसाठी टेबलावर दोन किलोचे धूड ठेवावे लागते असा समज आहे, त्याचे काम करंगळीएवढ्या डोंगलवर भागते. एक इशारा मात्र द्यायला हवा : अ‍ॅपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलवर पूर्ण आवाज देत नाही. लॅपटॉपवर तो ठीक चालतो.

मग "आवाज कमी पडतो" ही तक्रार येते कुठून? पुष्कळदा ती रेकॉर्डिंगमधून येते. आजचे चित्रपटगीत शिखरापासून तळापर्यंत दाबून, सपाट करून, सरासरी उंच ठेवून तयार केलेले असते. शास्त्रीय मैफलीचे चांगले रेकॉर्डिंग तसे नसते. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी राहिले, तिथल्या श्रोत्याला हे वेगळे सांगायला नको की जयपूर-अत्रौलीच्या ख्यालात सुरुवातीची बढत आणि शेवटच्या ताना यांच्या आवाजात मोठे अंतर असते. ते जपायचे तर सुरुवात हळू आवाजातच नोंदवावी लागते. त्यातच यूट्यूब जोरकस गाण्यांचा आवाज खाली आणते, पण हळू रेकॉर्डिंगचा वर नेत नाही. परिणामी चित्रपटगीताला अर्ध्यावर पुरणारा व्हॉल्यूम विलंबितात शेवटच्या काट्यापर्यंत न्यावा लागतो. असे संगीत नेमाने ऐकणाऱ्याने माझ्या वरच्या हिशोबात ६ डेसिबलची, म्हणजे दुप्पट व्होल्टेजची जादा तरतूद धरावी. उलट ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेले जुने गाणे ऐकायचे असेल तर तीही गरज नाही, कारण त्या ध्वनिमुद्रणात चढउतार मावायला जागाच फार थोडी होती.

माहितीपत्रकावर विश्वास नसेल तर जॅकचे व्होल्टेज घरी मोजता येते, आणि सगळ्या लेखातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. दोन साधने लागतात : मल्टिमीटर आणि ३३ ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर. सर्वांत स्वस्त पिवळा मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही, कारण त्यावर एसीची सर्वांत खालची श्रेणी २०० व्होल्टची असते. २ व्होल्टची एसी श्रेणी असलेला घ्या. ३.५ मिलिमीटरच्या सुट्या पिनला दोन वायरी सोल्डर करून घ्या, एक टोकाला आणि एक मुळाच्या बाजूच्या कड्याला. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर १०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा साइन टोन (एकाच स्वराचा सलग आवाज) लावा, व्हॉल्यूम पूर्ण करा आणि दोन वायरींमधले एसी व्होल्टेज वाचा. हेडफोन त्या वेळी लांब ठेवलेला असावा, हे मुद्दाम सांगतो. हा आकडा म्हणजे आपल्या जॅकची कमाल झेप. यात आलेला आकडा वरच्या गरजेपेक्षा मोठा असेल, तर निव्वळ आवाजासाठी अ‍ॅम्प घेण्याचे कारण उरत नाही.

आता त्याच दोन वायरींमध्ये रेझिस्टर जोडा आणि पुन्हा वाचा. व्होल्टेज थोडे खाली येईल. मोकळा आकडा भागिले भाराखालचा आकडा, वजा एक, आणि त्याला ३३ ने गुणले की जॅकचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स मिळतो. मोकळे ०.९८ आणि भाराखाली ०.९५ आले तर तो सुमारे एक ओहम, हे उत्तम. मोकळा १ व्होल्ट भार टाकताच ०.२२ वर कोसळला तर तो ११७ ओहमच्या घरात आहे, आणि तिथे काही गोष्टी बिघडतात.

त्या अशा. हेडफोनचा इम्पीडन्स सर्व स्वरांना सारखा नसतो. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण खर्जाच्या बाजूला ९० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. जॅकचा विरोध नगण्य असेल तर याने काही बिघडत नाही. तो १२० ओहम असेल, तर व्होल्टेजची वाटणी स्वरागणिक बदलते : ३०० ओहमच्या जागी हेडफोनला ७१ टक्के व्होल्टेज मिळते आणि ५०० च्या जागी ८१ टक्के. खर्ज सुमारे एका डेसिबलने फुगतो. एवढा फरक काहींना गोडही वाटेल. पण ३० ओहमच्या, चढउतार असलेल्या हेडफोनवर हाच जॅक आवाजाचा रंग पार बदलून टाकतो आणि बास सैल वाटू लागतो. यावरचा सर्वमान्य ठोकताळा म्हणजे जॅकचा विरोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमला ४ पेक्षा कमी. प्लेनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असल्याने त्यांना याची बाधा होत नाही.

घरात वडिलांच्या काळचा स्टीरिओ अ‍ॅम्प असेल तर हे विशेष लागू पडते. त्यांच्यातला हेडफोनचा जॅक बहुधा स्पीकरच्याच आउटपुटवरून, मध्ये शंभर ते काहीशे ओहमचा रेझिस्टर टाकून काढलेला असतो. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही १२० ओहमची शिफारस होती, त्यामुळे त्या बनवणाऱ्यांनी चूक केली असे म्हणता येत नाही. अशा जॅकवर २५० किंवा ३०० ओहमचा हेडफोन मजेत वाजतो, व्होल्टेजची ददात नसते आणि खर्च शून्य. ३२ ओहमचा मात्र त्यावर लावू नये. रियाज रेकॉर्ड करण्यासाठी घेतलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घरी असेल तर त्याचा जॅकही आधी असाच मोजून पाहावा.

डबीवरचे वॉट, गेन आणि बाकीचे

हिशोबानंतरही अ‍ॅम्प लागतोच असे ठरले, तर डबीवरचा आकडा कोणत्या ओहमला दिला आहे ते पाहावे. "१ वॉट, ३२ ओहमला" असे लिहिलेल्या अ‍ॅम्पची झेप ५.७ व्होल्टची असते; तोच ३०० ओहमच्या हेडफोनला साधारण १०७ मिलिवॉट देईल. त्यात फसवणूक नाही आणि एचडी ६५० ला ते गरजेच्या सहापट आहे. आपल्या हेडफोनच्या जवळच्या ओहमचा आकडा शोधावा आणि मिलिवॉटला ओहमने गुणून, हजाराने भागून, वर्गमूळ काढले की व्होल्ट मिळतात. आकडा दिलाच नसेल तर तो अ‍ॅम्प सोडून द्यावा, इतकी निवड आज उपलब्ध आहे. भरपूर वॉट म्हणजे भरपूर चांगले, हेही खरे नाही : डीटी ९९० प्रोची सांगितलेली क्षमता १०० मिलिवॉट आहे, आणि वॉटभर देणारा अ‍ॅम्प हाताच्या एका चुकीने हेडफोन आणि कान दोन्ही निकामी करू शकतो.

गेन म्हणजे आत आलेला संकेत अ‍ॅम्प किती पटीने वाढवतो ते; जादा गेनचा तोटा याहून रोजचा आहे. स्वस्त अ‍ॅम्पमधला फिरवायचा व्हॉल्यूम सुरुवातीच्या टप्प्यात डावा-उजवा सारखा राखत नाही. गाणारी बाई मधोमध न बसता एका कानाकडे सरकते. गेन प्रमाणाबाहेर असेल तर बटण घड्याळातल्या सात-आठच्या जागेपुढे नेताच येत नाही आणि आपण नेमके त्याच खराब टप्प्यात अडकतो. म्हणून कमी-जास्त गेनचे स्विच असलेला अ‍ॅम्प घ्यावा, तो कमी गेनवर ठेवावा, आणि नेहमीच्या ऐकण्याला बटण बाराच्या आसपास आले की बरोबर जमले असे समजावे. मोबाइल किंवा लॅपटॉपचा व्हॉल्यूम वर ठेवून आवाज अ‍ॅम्पवर कमी-जास्त करावा. उलट केल्यास खरखर वाढते.

बॅलन्स्ड आउटपुटमुळे स्टेज मोठे होते, वाद्ये सुटी होतात, असे पुष्कळ बोलले जाते. तांत्रिकदृष्ट्या त्यात दोन अ‍ॅम्प उलटसुलट जोडून व्होल्टेज दुप्पट केलेले असते, एवढेच. ज्याला दुप्पट व्होल्टेज हवे आहे त्याला ते उपयोगी आहे. पण आधी आपल्या हेडफोनची वायर पाहा : एम५०एक्स आणि के ७०२ ला एकाच कानाकडून वायर जाते आणि दोन्ही कानांचा परतीचा मार्ग एकच असतो, डीटी ९९० प्रोची वायर तर निघतही नाही. हे हेडफोन उघडून सोल्डरिंग केल्याशिवाय बॅलन्स्ड होत नाहीत. एचडी ६५० ला दोन्ही बाजूंनी सुटी वायर आहे, तिथे केबल बदलली की झाले.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्यूबच्या अ‍ॅम्पबद्दल थोडक्यात. त्यातल्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या प्रकाराचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असतो, तो ३०० ओहमच्या हेडफोनला शोभतो आणि ३२ च्या हेडफोनला नाही. अगदी स्वस्तातले ट्यूबवाले अ‍ॅम्प बहुतेक वेळा मिश्र जातीचे असतात : ट्यूब पुढे प्रकाशते आणि काम मागची चिप करते. दिसायला छान आहेत, यात वाद नाही.

आणि मग सर्वांत मोठा प्रश्न : महाग अ‍ॅम्पने आवाज "सुधारतो" का? २०११ साली एका अनामिक अभियंत्याने, नाव न सांगता, ओ२ नावाच्या हेडफोन अ‍ॅम्पचा आराखडा आणि त्याची मोजमापे सगळ्यांसाठी खुली केली. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते छोटे सर्किट साध्या, सहज मिळणाऱ्या चिपांवर उभे होते आणि त्याची मोजमापे कितीतरी पट महाग अ‍ॅम्पच्या तोडीची होती. त्यानंतर स्वस्त अ‍ॅम्प इतके सुधारले आहेत, की विकृती आणि पार्श्वभूमीचा आवाज कानाच्या पल्ल्याबाहेर गेलेले आहेत. दोन अ‍ॅम्पची तुलना करायचीच असेल तर मल्टिमीटरने दोघांचे व्होल्टेज नेमके सारखे करून मगच करावी. जरासा मोठा वाजणारा नेहमी "खुललेला" वाटतो आणि दुकानात ऐकताना तोच विकला जातो.

वीज, अर्थिंग आणि अडॅप्टर

जे परदेशी परीक्षणांत सापडत नाही ते इथे आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये असते. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात राहणाऱ्या एका मित्राने नवा अ‍ॅम्प खराब म्हणून परत करायचे ठरवले होते, कारण गाणे थांबले की हेडफोनमध्ये संथ घूंऽऽ ऐकू येई. टेबलाशी बसून आम्ही लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली आणि घूं तत्काळ थांबली. पुन्हा लावली की पुन्हा सुरू. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाचे मागचे पेर हलके फिरवले तर मुंग्या आल्यासारखे वाटत होते. भिंतीत तीन छिद्रांचे सॉकेट होते, पण उघडून पाहिल्यावर अर्थिंगच्या स्क्रूला वायरच नव्हती. वायरमनने अर्थिंग ओढून दिल्यावर तोच अ‍ॅम्प नि:शब्द झाला. तेव्हा घूं ऐकू आली तर आधी लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज गेला तर दोष अ‍ॅम्पमध्ये नाही. अर्थिंग लगेच करणे शक्य नसेल तर बॅटरीवर चालणारा किंवा मोबाइलला लागणारा डोंगल हा सरळ उपाय आहे.

परदेशातून कुणी नातेवाइकाकरवी अ‍ॅम्प मागवणार असेल तर अडॅप्टर नीट पाहावा. अमेरिकेतला अडॅप्टर फक्त १२० व्होल्टसाठी असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. त्यातही काही अमेरिकन बनावटीच्या स्वस्त अ‍ॅम्पना १५-१६ व्होल्टचा एसी अडॅप्टर लागतो, आणि घरात पडलेले वायफायचे किंवा सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर डीसी असतात. पिन बसते म्हणून लावू नये. २३० व्होल्टवर चालणारा, योग्य एसी व्होल्टेजचा अडॅप्टर इथे शोधत फिरावा लागतो, म्हणून यूएसबीवर किंवा डीसी अडॅप्टरवर चालणारा अ‍ॅम्प पत्करणे शहाणपणाचे.

पैशांच्या भाषेत बोलायचे तर माझी पद्धत अशी. एक व्होल्टच्या पट्टीवर १०८ किंवा त्याहून वर असणाऱ्या हेडफोनला, म्हणजे एम५०एक्ससारख्याला, लॅपटॉपचा जॅक पुरतो. त्यात खरखर असेल तर साधा डोंगल घ्यावा. १०० ते १०८ च्या टप्प्यातल्यांना, म्हणजे बहुतेक लोकप्रिय मोठ्या हेडफोनना, दोन व्होल्टचा डोंगल योग्य आहे आणि ख्यालाच्या श्रोत्याने ४ व्होल्टचा बॅलन्स्ड घ्यावा, अर्थात केबल परवानगी देत असेल तर. केबल परवानगी देत नसेल, डीटी ९९० सारखी, तर यूएसबीवर चालणारा, डॅक (डिजिटल गाण्याचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा भाग) आत असलेला छोटा टेबलवरचा अ‍ॅम्प बरा. १०० च्या खालच्या प्लेनरना डोंगल व्होल्ट कदाचित देईलही, पण करंट देताना धापा टाकेल. तिथे वेगळ्या वीजपुरवठ्याच्या, ३२ ते ५० ओहमला किमान वॉटभर देणाऱ्या अ‍ॅम्पवर खर्च करावा. हेडफोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसे अ‍ॅम्पवर जात असतील, तर त्याऐवजी वरच्या दर्जाचा हेडफोन घेणे मी पसंत करतो, कारण दोन हेडफोनांमधला फरक कुणालाही पहिल्या मिनिटात ऐकू येतो.

अ‍ॅम्प घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत, तीन गोष्टी तपासाव्यात. हेडफोन न लावता अ‍ॅम्प सुरू करून जॅकवरचे डीसी व्होल्टेज मिलिव्होल्टच्या श्रेणीत मोजावे. ते वीस मिलिव्होल्टच्या आत असावे, शेकड्यात असेल तर अ‍ॅम्प परत करावा. सुरू आणि बंद करताना मोठा धप्प आवाज होतो का, हे आधी एखाद्या स्वस्त हेडफोनवर पाहावे, आणि होत असेल तर चांगला हेडफोन नेहमी अ‍ॅम्प सुरू झाल्यावर लावावा व बंद करण्याआधी काढावा. शेवटी गाणे न लावता, कमी गेनवर, बटण नेहमीच्या जागी ठेवून रात्रीच्या शांततेत ऐकावे. सूंऽऽ ऐकू आली तर ती यूएसबी केबल बदलून जाते का, ते दुसऱ्या दिवशी पाहावे.